ठेवून घेतलं नाही, म्हणजे हाकललं नाही



गेल्या दिवाळीत आम्ही पिशोरला गेलो होतो. कन्नड तालुक्यातले पिशोर हे आमचे मूळ गाव. कापसाची वेचणी चालू होती आणि वस्तीतली माणसे दिवेलागणीलाच घरी परतत होती. अशाच एका संध्याकाळी गवंडीकाम करणाऱ्या एका बांधवाने आम्हाला घरी चहाला बोलावले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तो आवाज खाली करून म्हणाला, "दादा, जरा आमच्या पोरीशी बोला. मुंबईहून आल्यापासून तिचं तोंडच मिटलंय. लोकं इचारतेत, काढून टाकलं का म्हणून. आम्ही काय सांगावं?"

पोरगी आत भाकरी थापत होती. पुण्याला बी.कॉम. शिकते. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून स्वाधार योजनेच्या आधारावर खोली घेऊन राहते. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे मे आणि जून हे दोन महिने, ती मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका मोठ्या वित्तसंस्थेत काम शिकायला गेली होती. शहरातले लोक त्याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे जुना, चांगला शब्द आहे, उमेदवारी. दोन महिने संपले. तिच्याबरोबर आलेल्या काही मुलामुलींना पत्र मिळाले, की पुढच्या उन्हाळ्यात परत या, पुढे नोकरीचेही पाहू. हिला दाखला मिळाला, पत्र मिळाले नाही.

झाले ते एवढेच. पण देवगिरी एक्सप्रेसने ती परत आली आणि तिच्या मागोमाग गावात बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले, काही तरी चुकले असेल. कोणी म्हणाले, आपल्या लोकांना तिथं कोण उभं करतं. नात्यातल्या एका बाईने तर स्थळच सुचवले. मुलीने मनाशी ठरवले होते, की आता पुन्हा अर्ज करायचा नाही. एकदा नाही म्हटल्यावर कुठल्या तोंडाने जायचे?

वाचकहो, असा प्रसंग आज एकाच घरात नाही. आपली मुले आता वाणिज्य शिकतात, हिशोबाच्या आणि गुंतवणुकीच्या कंपन्यांत उमेदवारीला जातात. आईबापांना त्या जगाची रीत ठाऊक नसते. म्हणून आज या सदरात याच विषयावर बोलू.

पहिली गोष्ट ही समजून घेतली पाहिजे, की उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. तिची मुदत ठरलेली असते आणि ती मुदतीने संपते. आपल्या राज्यात २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, ती गावोगावच्या मुलांना माहीत आहे. पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने, पुढे मुदत वाढली. मुदत संपल्यावर मुले घरी आली. त्यांना कोणी काढून टाकले असे म्हणता येईल का? सरकारी बँकाही वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार घेतात. वर्ष संपले म्हणून तो बँकेचा कायम नोकर होत नाही. कायम नोकरीची परीक्षा वेगळी असते, ती त्याला इतरांसारखीच द्यावी लागते.

खाजगी वित्तसंस्थांची रीत थोडी निराळी आहे. त्या उन्हाळ्यात उमेदवार घेतात, त्यांचे काम पाहतात आणि त्यांतल्या काहींना परत बोलावतात. मुंबईत तसे, लंडन-न्यूयॉर्कमध्येही तसेच. किती जणांना बोलवायचे हे दोन गोष्टींवर ठरते. एक, उमेदवाराचे काम. दुसरी, पुढच्या वर्षी त्या खात्यात जागा किती आहेत आणि पगारासाठी पैसा किती मंजूर झाला आहे. दुसरी गोष्ट उमेदवाराच्या हातात मुळीच नसते. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही जगप्रसिद्ध बँक दिवाळखोरीत निघाली. तिथे काम करणारी हजारो हुशार माणसे खोक्यात सामान भरून बाहेर पडली. त्यांना हिशोब येत नव्हता काय? येत होता. पण बाजार पडला की गुणवानाचीही जागा जाते.

मात्र सगळा दोष जागांवर टाकून मोकळे होणेही बरे नाही. आम्ही त्या मुलीला विचारले, "शेवटच्या दिवशी तुझ्या वरिष्ठांनी काही सांगितलं का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मॅडम म्हणाल्या, तुझं काम नीट आहे, आकडे बरोबर असतात. पण तू बैठकीत बोलत नाहीस. काही विचारत नाहीस. तुला कळलंय का नाही, हेच आम्हाला कळत नाही."

"मग तू का बोलत नव्हतीस?"

"इंग्रजी अडखळायचं. आणि वाटायचं, चुकीचं विचारलं तर म्हणतील, हिला एवढंही येत नाही. मंग मी रात्री खोलीवर जाऊन तेच काम दोन-दोनदा करायची. त्यात द्यायला उशीर व्हायचा."

तिची आई चुलीपुढे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आम्हीच शिकवलं ना दादा. मालकासमोर मान खाली घालावी, उलट बोलू नाही, आपलं काम करावं."

वाचकहो, हे वाक्य आम्हाला फार लागले. खरेच आहे ते. आपल्या आईबापांनी दुसऱ्याच्या बांधावर, बांधकामावर, गिरणीत काम केले. तिथे गप्प राहिले तरच मजुरी टिकायची. तीच शिकवण आपण मुलांच्या शिदोरीला बांधून देतो. पण हिशोबाच्या कचेरीत गप्प राहण्याचा अर्थ उलटा लावला जातो. तिथे जो प्रश्न विचारतो तो शहाणा, आणि जो मान खाली घालून बसतो त्याला काही येत नाही, असे समजतात. ज्यांच्या घरात वडील साहेब आहेत, त्यांच्या मुलांना हे जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या मुलांना ते नापास झाल्यावर कळते. म्हणून ते घरात आधीच सांगितले पाहिजे, की बाळा, तिथे विचार. अडखळत विचार, पण विचार.

त्या रात्री आम्ही त्या मुलीला बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक भाग सांगितला. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे, पैशाच्या व्यवहाराचे अभ्यासक होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत फारसे सांगत नाही. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले. पण येण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. परत येण्याचे दार त्यांनी स्वतःच्या हाताने उघडे ठेवले.

इकडे आल्यावर बडोद्यात काय झाले, ते आपल्याला ठाऊकच आहे. मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. मग डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला. १९२३ च्या मार्चमध्ये तो अडला. आहे त्या रूपात तो स्वीकारता येणार नाही, दुरुस्त करून पुन्हा द्या, असे त्यांना सांगण्यात आले. जवळचा पैसा संपत आलेला. ते मुंबईला परतले, प्रबंध दुरुस्त केला आणि पुन्हा पाठवला. १९२३ संपण्याच्या आत त्यांना डी.एस्सी. मिळाली, आणि तोच प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. १९२५ साली भारताच्या चलनाविषयी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्याच विषयावर त्यांनी साक्ष दिली.

त्या महामानवाशी आपली बरोबरी करावी म्हणून आम्ही हे सांगत नाही. त्यांची रीत घ्यावी म्हणून सांगतो. त्यांनी नकाराचे कारण नीट समजून घेतले. जेवढे दुरुस्त करणे योग्य होते, तेवढे केले. आणि पुन्हा दिले.

आता पिशोरच्या त्या घराकडे परत येऊ. घरात आणखी एक गोष्ट होती, ती मुलीला कोणी सांगितली नव्हती. मुंबईच्या खोलीची अनामत आणि लोकलचा पास यासाठी तिच्या आईने बचत गटातून दहा हजार रुपये उचलले होते. बारा महिन्यांची मुदत, महिना दोन टक्के व्याज. विद्यावेतन हातात आले ते शेवटी, आणि ते पुण्याच्या खर्चात गेले. हप्ता आई भरत होती, कापूस वेचून.

हे कळल्यावर मुलगी रडली नाही. तिने आईचे पासबुक मागितले. चिमणीएवढ्या बल्बखाली बसून आकडे मांडले आणि म्हणाली, "माय, तुझ्याकडून व्याज जास्त घेतात."

तिने मांडलेला हिशोब वाचकांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून देतो. गट दरमहा पूर्ण दहा हजारांवर दोन टक्के, म्हणजे २०० रुपये व्याज घेत होता. बारा महिन्यांचे झाले २,४०० रुपये. पण आई तर दरमहा मुद्दलही फेडत होती. दर महिन्याला ८३३ रुपये मुद्दल कमी होत असेल, तर व्याज उरलेल्या रकमेवरच लागायला हवे. पहिल्या महिन्यात २०० रुपये, मग दर महिन्याला कमी कमी होत शेवटच्या महिन्यात १७ रुपयांच्या आसपास. तसे धरले तर वर्षाचे व्याज होते १,३०० रुपये. दर तोच, दोन टक्के. फरक ११०० रुपयांचा. मजुरीच्या हिशोबात हे किती दिवसांचे कष्ट, ते प्रत्येकीने आपल्या मनाशी मोजावे.

गटातल्या बायांनी कोणाला फसवले नव्हते. पहिल्यापासून तशी रीत पडली होती, एवढेच. आम्ही मुलीला म्हणालो, "हे गटाच्या बैठकीत सांग." ती घाबरली. पण तिथे इंग्रजीची अडचण नव्हती. दिवाळीच्या सुटीत बैठक झाली तेव्हा तिने फळ्यावर दोन्ही हिशोब मांडले. एका म्हातारीने विचारले, "व्याज कमी झालं, तर गटाची गंगाजळी कशी वाढायची गं?" प्रश्न बरोबर होता. व्याज कमी झाले तर वर्षअखेरची वाटणीही कमी होणार. मुलीने तेही मांडून दाखवले. बायांनी दोन तास वाद घातला आणि शेवटी नव्या कर्जांना उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायचे ठरवले. जी पोरगी मुंबईच्या बैठकीत दोन महिने बोलली नाही, ती त्या दिवशी दोन तास बोलली.

घरी येताना आम्ही तिला सांगितले, "आता अर्ज कर. पदवीचा अजून एक उन्हाळा तुझ्या हातात आहे. आणि हे काम अर्जात लिही."

ज्या घरात अशी मुले आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज करण्याची रीत येथे थोडक्यात देतो.

वेळ चुकवू नये. उन्हाळ्याच्या जागांचे अर्ज उन्हाळ्यात करायचे नसतात. मोठ्या कंपन्या आदल्या पावसाळ्याच्या शेवटापासून निवड सुरू करतात, लहान कंपन्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घेतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कापूस वेचणीच्या दिवसांत अर्ज, आणि अद्रक लावणीच्या दिवसांत काम.

झालेली उमेदवारी लपवू नये. परत बोलावले नाही म्हणून ते दोन महिने कागदावरून खोडू नयेत. दाखला जोडावा, काय काम केले ते आकड्यांनिशी लिहावे. ज्या वरिष्ठांनी काम पाहिले, त्यांना नम्रपणे पत्र पाठवून विचारावे, की मी कुठे कमी पडलो, आणि आपण माझ्या कामाविषयी दोन शब्द लिहून द्याल का? पुष्कळ वरिष्ठ देतात. न दिले तर राग धरू नये.

मुलाखतीत हमखास विचारतील, की तिथे तुम्हाला परत का बोलावले नाही? तेव्हा कंपनीची निंदा करू नये आणि रडगाणेही गाऊ नये. तीन वाक्ये पुरतात. काय शिकलो, काय कमी पडले, आणि त्यानंतर ते भरून काढायला काय केले. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी मधल्या महिन्यांत खरोखर काही केलेले असावे लागते. गावच्या पतसंस्थेचा किंवा दूध संस्थेचा हिशोब समजून घेणे, एखाद्या सनदी लेखापालाकडे सुटीत बसणे, संगणकावर तक्ते करण्याचा सराव, हे सारे त्यात येते.

एकाच मोठ्या नावामागे लागू नये. बँका, विमा कंपन्या, गृहकर्ज देणाऱ्या संस्था, लेखापालांच्या कचेऱ्या, सगळीकडे अर्ज करावेत आणि वहीत तारीखवार नोंद ठेवावी. ज्या संस्थेने गेल्या वर्षी परत बोलावले नाही, तिच्याकडेही पुन्हा अर्ज करायला हरकत नाही, पण सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये. बँकेच्या कायम नोकरीकडे वळायचे असेल, तर अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी बार्टीमार्फत परीक्षांचे प्रशिक्षण असते, त्याच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवावे.

आणि एक इशारा. उमेदवारी देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे फिरकू नये. खरी संस्था कामाचे पैसे देते. ती नोंदणी फी, प्रशिक्षण फी असल्या नावाने घेत नाही.

शेवटी आईबापांसाठी दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी अशी परत आली, की पहिला प्रश्न "का घेतलं नाही?" असा विचारू नका. "काय शिकून आलास?" असे विचारा. शेजारीपाजारी काही बोलले, तर उत्तर तुम्ही द्या, मुलांवर सोपवू नका. आणि मुलीच्या बाबतीत एक नकार आला, की लगेच स्थळ पाहायला निघू नका. मुलाला आपण दुसरी संधी देतो, तिसरीही देतो. मुलीचा हिशोब पहिल्याच वर्षी बंद का करायचा?

पिशोरच्या त्या गवंडी बांधवाला आम्ही हेच सांगितले. तो विचारात पडला. मग म्हणाला, "दादा, भिंत वळंब्यात नाही बसली तर आम्ही ती पाडून पुन्हा घेतो. घर थोडंच सोडतो." आम्हाला आणखी सांगावे लागले नाही.

मुलीने त्या हिवाळ्यात एकतीस ठिकाणी अर्ज केले. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच नाही. चार ठिकाणी बोलावणे आले. एका मुलाखतीत तिला बचत गटाच्या हिशोबाबद्दल विचारले, तेव्हा तिने उठून फळा मागितला, असे तिने आम्हाला फोनवर सांगितले. पुण्यातल्या एका मध्यम वित्तसंस्थेने येत्या उन्हाळ्यासाठी तिला घेतले आहे. नाव मोठे नाही, विद्यावेतनही मुंबईपेक्षा कमी आहे. पण खोलीची वेगळी अनामत भरावी लागणार नाही. पुढे ते ठेवून घेतील की नाही, ते त्यांना ठाऊक. पहिल्या आठवड्यातच विचारायचे, की माझ्याकडून आपली अपेक्षा काय, हे मात्र तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आईचे गटाचे कर्ज एप्रिलमध्ये फिटेल. पुन्हा लागलेच, तर ते नव्या हिशोबाने मिळेल.

जयभीम.